वापरलेली मिनीव्हॅन: सर्व्हिसिंग कधी करायचं, खर्च कुठे होतो (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

वापरलेली मिनीव्हॅन घेताना आपण इंजिनाचा आवाज ऐकतो, सीटा मोजतो, रंगावरचे ओरखडे बघतो. सर्व्हिसिंगचा विचार गाडी दारात उभी राहिल्यावर सुरू होतो. पण या गाडीत आपण एकटे बसत नाही. मागे मुलं असतात, म्हातारी माणसं असतात, सगळं सामान असतं. म्हणून तिच्या देखभालीत हयगय झालेली मला बघवत नाही.

खालची उत्तरं सात-आठ आसनी, पेट्रोलवर चालणारी, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गाडी डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. डिझेल आणि हायब्रिडचं वेगळं सांगितलं आहे. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर पुस्तिकेतला धरा.

गाडी नुकतीच घेतली. आधीच्या मालकाकडे सर्व्हिसिंगची एकही पावती नाही. सुरुवात कुठून करू?

पावती नाही म्हणजे काम झालेलं नाही, असं धरून चाला. आधीचा मालक खोटं बोलतो असं नव्हे. बऱ्याच लोकांना खरोखरच आठवत नसतं. ‘गिअर ऑइल बदललं होतं ना, मागच्याच वर्षी’ म्हणणाऱ्या माणसाचं मागचं वर्ष चार वर्षांपूर्वीचं निघू शकतं.

मी क्रम असा लावते. पहिल्याच आठवड्यात ज्यावर जीव अवलंबून आहे ते बघायचं: ब्रेक पॅड, ब्रेकचे रबरी पाइप, टायर, स्टीअरिंगचे जोड. गाडी लिफ्टवर चढवून खालून बघितल्याशिवाय हे कळत नाही. मग इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत ब्रेक ऑइल, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव), गिअरबॉक्सचं ऑइल, एअर फिल्टर आणि एसीचा केबिन फिल्टर. टायमिंग बेल्टची गाडी असेल (हा इंजिनाचे भाग एका तालात फिरवणारा बेल्ट, पुढे सविस्तर सांगितलं आहे) आणि बेल्ट कधी बदलला याचा पुरावा नसेल, तर ते काम कूलंटच्याही आधी घ्या. तसंही बेल्टबरोबर वॉटर पंप बदलला की कूलंट काढावंच लागतं, दोन्ही कामं एका मजुरीत होतात.

हे सगळं झालं की त्या दिवशीचं मीटरवरचं रीडिंग लिहून ठेवा. पुढचं सगळं वेळापत्रक तिथून मोजायचं. गाडीची किंमत ठरवतानाच या पहिल्या सर्व्हिसिंगसाठी पैसे बाजूला काढलेले बरे, कारण ते लागणारच असतात.

किलोमीटर बघायचे की महिने?

दोन्ही, आणि जे आधी येईल ते. फक्त शाळेत सोडायला-आणायला फिरणारी गाडी वर्षात ६,००० किमीसुद्धा चालत नाही, पण ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतच असतं, रबर कडक होतच असतं. ‘फारशी चाललेली नाही’ या शब्दांवर भाळून घेतलेल्या गाडीत पहिल्या वर्षी रबरच बदलत बसावं लागतं: बेल्ट, होज पाइप, सील, वायपर, टायर. रबराचं वय वर्षांत मोजायचं.

पुस्तिकेत दोन वेळापत्रकं आहेत, एक सामान्य वापराचं आणि एक कठीण वापराचं. आमचा वापर तर साधाच आहे…

बहुतेकांना असंच वाटतं. पण कठीण वापर म्हणजे काय ते वाचा: सात-आठ किलोमीटरच्या आतल्या छोट्या फेऱ्या, इंजिन चालू ठेवून उभं राहणं, गर्दीतून रांगत जाणं, धूळ, कडक ऊन किंवा कडाक्याची थंडी, डोंगरातले चढ, भरगच्च भरलेली गाडी. सात माणसं सरासरी ६५ किलोंची धरली तरी ४५५ किलो झाले, सामान वेगळंच. मिनीव्हॅनचा रोजचा वापर यातल्या दोन-तीन गोष्टींत बसतोच. त्यामुळे मी कठीण वापराचंच वेळापत्रक धरते. त्यात ऑइल थोडं लवकर बदललं जातं, एवढाच काय तो जादा खर्च. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या किमतीपुढे तो काहीच नाही.

इंजिन ऑइल किती किलोमीटरनंतर बदलायचं?

सिंथेटिक ऑइल असेल तर ८,००० ते १०,००० किमी किंवा एक वर्ष. खनिज ऑइल असेल तर ५,००० किमी किंवा सहा महिने. काही कंपन्या १५,००० किमीपर्यंत मुभा देतात, पण जुन्या इंजिनात मी तेवढं थांबत नाही. ग्रेड पुस्तिकेत असेल तोच. ०डब्ल्यू-२० (म्हणजे पातळ ऑइल) लिहिलं असताना ‘गाडी जुनी झाली, जाड ऑइल टाकू’ हा सल्ला सर्रास दिला जातो. पण हल्लीच्या इंजिनांतल्या व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावरच चालते, तिला ठरलेल्या जाडीचंच ऑइल लागतं.

बदलण्याइतकंच महत्त्वाचं आहे ते मध्ये मध्ये बघणं. सपाट जागी गाडी उभी करा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा. डिपस्टिक बाहेर काढून फडक्याने कोरडी करा, पूर्ण आत घालून पुन्हा काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत बहुतेक गाड्यांत सुमारे एक लिटरचं अंतर असतं. मग काडीवरचं ऑइल बोटांत चोळून बघा. काळं असणं वाईट नाही, मळ धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. खरखर लागली, पेट्रोलचा उग्र वास आला किंवा ताकासारखा पांढरट फेस दिसला, तर मेकॅनिकला दाखवा. फेस फक्त ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडासा असेल तर ती छोट्या थंड फेऱ्यांची वाफ असू शकते. डिपस्टिकवरही असेल तर कूलंट ऑइलमध्ये उतरतंय का, ते आधी तपासायचं.

जुनं इंजिन थोडं ऑइल पितं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये किती पितं, हे तुम्हाला माहीत हवं. ऑइलचा लाल दिवा लागतो तो दाब घसरल्यावर, आणि तोवर उशीर झालेला असतो.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल ‘आयुष्यभरासाठी’ आहे असं सांगतात. खरंच बदलायची गरज नाही?

आहे. मिनीव्हॅनमध्ये इंजिनापेक्षा गिअरबॉक्सची काळजी मला जास्त वाटते. गाडीचं आणि माणसांचं मिळून दोन-अडीच टन वजन तो ओढत असतो, आणि चढावर, गर्दीत त्याचं ऑइल तापतं. तापलेलं ऑइल लवकर पातळ होतं, त्यात मिसळलेली संरक्षक द्रव्यं संपतात, गिअरबॉक्सच्या आतले क्लच घसरू लागतात आणि घसरणाऱ्या क्लचची पूड पुन्हा त्याच ऑइलमध्ये फिरते. ५०,००० ते ८०,००० किमी दरम्यान ते बदलावं, सीव्हीटी गिअरबॉक्स (ठरावीक गिअरांऐवजी बेल्ट-पुलीवर चालणारा) असेल तर ५०,०००च्या आसपासच.

माझ्या पहिल्या वापरलेल्या व्हॅनचं ऑइल मी ‘सीलबंद आहे, हात लावू नका’ हे ऐकून सोडून दिलं होतं. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना हलका धक्का बसू लागला तेव्हा ऑइल सोडायचा खालचा प्लग उघडला. लाल असायला हवं ते ऑइल कॉफीसारखं काळपट होतं आणि जळका वास येत होता. ट्रेमध्ये धार पडत होती तेव्हाच मला कळलं की हे काम दोन वर्षांपूर्वी व्हायला हवं होतं.

पद्धत महत्त्वाची आहे. साध्या पद्धतीत खालचा प्लग काढून जेवढं येईल तेवढं ऑइल सोडतात आणि तेवढंच नवं भरतात. यात एका वेळी एकूण ऑइलच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंतच बाहेर येतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात) राहतं. समजा एकूण १० लिटर आहे आणि ४ लिटर निघतं. मध्ये थोडी गाडी चालवून तीनदा असं केलं, तर जुनं ऑइल सुमारे २२ टक्के उरतं. तेवढं पुरेसं आहे. फार जुन्या, कधीच न बदललेल्या गिअरबॉक्सला यंत्राच्या दाबाने धुऊन काढण्यापेक्षा ही सावकाश पद्धत मला सुरक्षित वाटते. आणि गिअर आधीच घसरत असतील तर ऑइल बदलून गिअरबॉक्स बरा होईल ही आशा ठेवू नका. झिजलेला क्लच ऑइलने भरून येत नाही.

ऑइल त्याच कंपनीच्या त्याच मानकाचं हवं, सीव्हीटीमध्ये तर यावर तडजोड नकोच. बऱ्याच नव्या गिअरबॉक्सना डिपस्टिक नसते. ऑइल ठरावीक तापमानाला आणून बाजूच्या प्लगमधून पातळी बघावी लागते. हे करता येतं का, असं मेकॅनिकला आधी विचारा.

टायमिंग बेल्ट आणि टायमिंग चेन यात फरक काय? माझ्या गाडीत काय आहे ते कसं कळेल?

दोन्हींचं काम एकच: क्रँकशाफ्ट (पिस्टनने फिरणारा दांडा) आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) एका तालात फिरवणं. बेल्ट दातेरी रबराचा असतो आणि ठरलेल्या मुदतीत बदलावाच लागतो. चेन धातूची असते, तिला ठरलेली मुदत नसते. मात्र ऑइल वेळेवर बदललं नाही तर तीही सैल होते आणि सकाळी गाडी सुरू करताना पहिले काही क्षण खडखडते.

बेल्टची मुदत साधारण १,००,००० ते १,६०,००० किमी किंवा ७ ते १० वर्षं. तुमच्या गाडीत काय आहे ते इंजिनावरून ठरतं, फक्त मॉडेलच्या नावावरून नाही. उत्तर अमेरिकेत विकल्या गेलेल्या टोयोटा सिएनाच्या ३.३ लिटर व्ही-६ (सहा सिलिंडरच्या) इंजिनात बेल्ट होता, २००७च्या मॉडेलपासून आलेल्या ३.५ लिटरमध्ये चेन आली. तिथल्याच होंडा ओडिसीचं ३.५ लिटर व्ही-६ इंजिन बेल्टवर चालतं. म्हणून गाडीच्या चॅसी नंबरवरून किंवा इंजिनाच्या कोडवरून खात्री करून घ्या.

बेल्ट तुटण्याआधी इशारा देईलच असं नाही. ज्या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकाच जागेत आळीपाळीने येतात, तिथे बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उघडावं लागतं, आणि बेल्टच्या कामाच्या कितीतरी पट खर्च येतो. वर गाडी भर रस्त्यात बंद पडते ते वेगळंच.

काम काढलंच तर एकट्या बेल्टवर थांबू नका. टेन्शनर आणि आयडलर पुली (बेल्ट ताणून धरणारे आणि वळवणारे भाग), वॉटर पंप आणि पुढचे ऑइल सील सगळं एकदमच करा. या कामात चार ते सहा तासांची मजुरी मुख्यतः झाकणं आणि माउंट उघडण्याची असते. पंप तसाच ठेवला आणि वर्षभरात गळला, तर तीच मजुरी पुन्हा भरावी लागते.

स्पार्क प्लग बदलायला एवढी मजुरी का सांगतात?

आडव्या बसवलेल्या व्ही-६ इंजिनाचे पुढचे तीन प्लग हाताशी असतात, पण मागचे तीन काचेखालच्या भिंतीला चिकटून, इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या भागाच्या) खाली. वरचा मॅनिफोल्ड उतरवल्याशिवाय बहुतेक गाड्यांत तिथे हात जात नाही. इरिडियम प्लग १,००,००० ते १,६०,००० किमी टिकतात, त्यामुळे हे काम एकदा-दोनदाच येतं. सहाही प्लग बदला, आणि मॅनिफोल्डचं गॅस्किट नवंच घाला. काही गॅरेजांत पुढचे तीनच बदलून ‘प्लग बदलले’ म्हणून बिल होतं. काढलेले जुने सहा प्लग दाखवायला सांगा.

कूलंट किती वर्षांनी? साधं पाणी टाकलं तर?

जुन्या प्रकारचं कूलंट दोन-तीन वर्षं, दीर्घायुषी प्रकारचं पाच वर्षं. काही गाड्यांत कारखान्यातून भरलेलं पहिलं कूलंट त्याहूनही जास्त काळ चालतं. रंगावरून प्रकार ओळखू नका, रंग कंपनीगणिक वेगळे असतात. साधं पाणी रस्त्यात अडल्यावर गॅरेजपर्यंत पोचण्यापुरतं ठीक. नेहमीसाठी भरलं तर आतून गंज आणि क्षार धरतात. तयार मिश्रण घ्या, किंवा कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं.

मिनीव्हॅनची एक खास गोष्ट: मागच्या सीटांसाठी वेगळा हीटर असेल तर कूलंटचे पाइप गाडीच्या पोटाखालून मागच्या चाकापर्यंत गेलेले असतात. त्यांचे धातूचे जोड गंजतात, आणि गळती मागच्या बाजूला असल्याने इंजिनाखाली थेंब दिसत नाही. फक्त टाकीतली पातळी उतरत राहते. कूलंट कमी होतंय पण गळती सापडत नाही, असं कुणी म्हणालं की मी आधी तिकडे बघायला सांगते. कूलंट बदलल्यावर या लांब पाइपांतली हवाही नीट काढावी लागते, नाहीतर हीटर गार हवा फेकतो आणि इंजिन तापतं.

रेडिएटरचं झाकण इंजिन गरम असताना उघडू नका. आत दाबाखाली उकळतं पाणी असतं.

ब्रेकची कामं किती वेळा येतात?

पुढचे पॅड ३०,००० ते ७०,००० किमी, मागचे त्याहून जास्त. एवढी तफावत वजनामुळे आणि चालवण्याच्या सवयीमुळे. नवा पॅड साधारण १० ते १२ मिमी जाड असतो. ३ मिमीवर आला की बदला. किंचाळल्यासारखा बारीक आवाज म्हणजे पॅडवरची इशारापट्टी डिस्कला घासते आहे. घरघर म्हणजे धातूवर धातू, तेव्हा डिस्कही गेली असं समजा. ब्रेक दाबल्यावर स्टीअरिंग थरथरलं तर डिस्क असमान झिजली आहे. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना साफ करून ग्रीस लावणं हे दोन मिनिटांचं काम बऱ्याचदा गाळलं जातं, आणि मग एका बाजूचा पॅड दुसऱ्याच्या आधी संपतो.

ब्रेक ऑइल दर दोन-तीन वर्षांनी बदलाच. ते हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उकळबिंदू उतरतो. डॉट ३ प्रतीच्या ऑइलची किमान मर्यादा कोरडं असताना २०५ अंश सेल्सिअस असते आणि ओल शिरल्यावर १४० अंश. डॉट ४ची २३० आणि १५५. भरलेली गाडी लांब उतार उतरताना ब्रेक तापले आणि ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते. वाफ दाबली जाते, मग पेडल तळाला जातं आणि गाडी थांबत नाही. मागे सहा माणसं बसवून घाट उतरणाऱ्या प्रत्येकाने हे काम तारीख लिहून करावं, असं मी कळकळीने सांगते.

टायर चांगले दिसतात. तरी बदलायचे?

बाजूच्या भिंतीवर चार आकड्यांचा शिक्का शोधा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. सहा वर्षांनंतर दर वर्षी तपासून घ्या, दहा वर्षं झाल्यावर नक्षी कितीही खोल असली तरी वापरू नका. स्टेपनीचंही वय बघा, तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

अनेक देशांत नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिमी आहे, पण पावसात ३ मिमीच्या खालीच पकड कमी झालेली जाणवते. दर ८,००० ते १०,००० किमीला चाकांची अदलाबदल करा. पुढची चाकं ओढणारीही आणि वळणारीही असल्याने तिथले टायर आधी झिजतात. आणि टायर घेताना आकाराबरोबर वजन पेलण्याचा आकडाही जुळवा. हलक्या कारचा, त्याच मापाचा, स्वस्त टायर मिनीव्हॅनला घालणं धोक्याचं आहे. हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना. दारापाशीच्या स्टिकरवर पूर्ण भाराचा वेगळा आकडा असेल तर प्रवासाआधी तो ठेवा.

स्लायडिंग दार अडखळतं, कधी अर्ध्यातून परत येतं. मोटर गेली का?

मोटरचा खर्च करण्याआधी खालची पट्टी बघा. दार पूर्ण उघडा, गुडघ्यावर बसा आणि टॉर्च मारा. खालच्या खोबणीत बिस्किटाचा चुरा, वाळू, केस, एखादं नाणं आणि या सगळ्याला धरून बसलेलं जुनं काळं ग्रीस दिसेल. मुलांच्या बाजूच्या दारात हे जास्त असतं. जुन्या टूथब्रशने आणि पातळ क्लीनरने खोबण साफ करा, कापडाने कोरडी पुसा. वरची, मधली आणि खालची अशा तिन्ही पट्ट्या पुसून घ्या. मधली गाडीच्या बाहेरच्या अंगाला, मागच्या काचेखाली असते, ती सगळे विसरतात. मग सिलिकॉनचा हलका फवारा द्या. जाड ग्रीस भरू नका, ते धूळ धरतं आणि सहा महिन्यांत तुम्ही पुन्हा तिथेच येता.

आता दार विजेवरून हातावर घ्या आणि हाताने सरकवा. सुरळीत सरकलं तर दोष मोटर, केबल किंवा सेन्सरमध्ये. एकाच जागी खटकत असेल तर चाकडी झिजली आहे. ती वेगळी मिळते आणि मोटरच्या मानाने पुष्कळ स्वस्त पडते. दार मधूनच परत येतं कारण अडथळा लागला असं यंत्रणेला वाटतं, आणि नुसत्या मळाच्या घर्षणानेही तसं वाटू शकतं. केबलचे तंतू तुटलेले दिसले तर वाट बघू नका. तुटलेली केबल ड्रमभोवती गुंडाळली गेली की मोटरलाही घेऊन जाते.

दर तीन महिन्यांनी अर्धा तास दिलात तर हा खर्च बराच टळतो.

मागचा एसी थंड करत नाही, पुढचा ठीक आहे.

आधी मागच्या पंख्याचा फ्यूज बघा. केबिन फिल्टर तसाही वर्षातून एकदा किंवा १५,००० किमीला बदलायचाच. मागे वेगळा कूलिंग कॉइल असलेल्या गाडीत गॅस जास्त लागतो. किती ग्रॅम ते बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. अंदाजाने भरू देऊ नका, जास्त गॅसनेही थंडावा कमी होतो. दर वर्षी गॅस भरावा लागत असेल तर गळती आहे, आणि ती मागे जाणाऱ्या पाइपात असण्याची शक्यता मोठी.

बॅटरी?

तीन ते पाच वर्षं. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४च्या खाली असेल तर तपासून घ्या. इंजिन चालू असताना १३.५ ते १४.७ दिसायला हवं, नाहीतर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग) बघा. विजेची दारं असलेल्या गाडीत कमजोर बॅटरीमुळे भलभलते दोष दिसतात.

चेक इंजिनचा दिवा लागला. लगेच थांबायचं?

दिवा लुकलुकत असेल तर हो. इंजिन मिसफायर होतंय आणि न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो महागडा भाग जाळतं. स्थिर दिवा असेल, ऑइलचा दाब आणि तापमान ठीक असेल, तर एक-दोन दिवसांत कोड वाचून घ्या. ओबीडी-२ स्कॅनर (गाडीच्या संगणकातले दोषाचे कोड वाचणारं छोटं यंत्र) स्वस्तात मिळतो, तो वापरलेल्या गाडीच्या मालकाकडे असावाच. कोड मात्र फक्त दिशा दाखवतो. पी०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड) आला म्हणून कन्व्हर्टर बदलायला निघू नका, सायलेन्सरची गळती किंवा ऑक्सिजन सेन्सरही कारण असू शकतं.

डिझेल किंवा हायब्रिड असेल तर वेगळं काय?

डिझेलमध्ये स्पार्क प्लग नसतात, ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना आतली हवा तापवणारे) असतात. डिझेल फिल्टर वेळेवर बदलणं सगळ्यांत महत्त्वाचं, कारण पाणी किंवा कचरा गेला की पंप आणि इंजेक्टर मिळून मोठं बिल होतं. काजळी धरणारा फिल्टर असेल तर फक्त छोट्या फेऱ्यांनी तो तुंबतो, अधूनमधून गाडी मोठ्या रस्त्यावर अर्धा तास सलग पळवा. इंजिन ऑइलही त्या फिल्टरला चालणाऱ्या प्रतीचंच हवं.

हायब्रिडमध्ये ब्रेक पॅड जास्त टिकतात, कारण गाडी थांबवण्याचं बरंचसं काम मोटर करते. पण हवेने थंड होणाऱ्या मोठ्या बॅटरीची हवा आत घेणारी जाळी सीटखाली किंवा बाजूला असते. तिथे चादर, पिशव्या ठेवू नका आणि धूळ साफ करा. बॅटरी तापली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं.

वर्षाला किती पैसे बाजूला ठेवायचे, हे कसं काढू?

मी दर कामाचं वर्षाचं ओझं काढते. तुमच्या भागातल्या दोन-तीन गॅरेजांतून प्रत्येक कामाचा मजुरीसकट दर विचारा. मग ते काम किती वर्षांनी येतं त्याने भागा. वर्षाला १५,००० किमी चालणाऱ्या गाडीचं असं होईल: इंजिन ऑइल आणि फिल्टरच्या दराची दुप्पट. चाकांच्या अदलाबदलीची दुप्पट. केबिन फिल्टर पूर्ण. एअर फिल्टर आणि ब्रेक ऑइल निम्मं. पुढचे पॅड तिसरा हिस्सा. टायरचा सेट, बॅटरी आणि गिअरबॉक्स ऑइल चौथा हिस्सा. कूलंट पाचवा. टायमिंग बेल्टचं पूर्ण काम सातवा. प्लग दहावा. सगळ्यांची बेरीज म्हणजे गाडी न बिघडताही लागणारी रक्कम. बारा महिन्यांनी भागून ती दरमहा वेगळी ठेवा.

त्यावर न सांगता येणाऱ्या कामांसाठी भर घाला. गाडी एक लाख किमीच्या आत असेल तर मी बेरजेच्या पाव भाग धरते, दीड लाखाच्या पुढे असेल तर निम्मा. त्यातून लिंक रॉड, बुश, शॉकअप, इंजिन माउंट, व्हील बेअरिंग निघतात. हे माझ्या अनुभवाचे आकडे आहेत, पण यामुळे आलेलं बिल बघून कधी धाबं दणाणलं नाही.

कंपनीचं सर्व्हिस सेंटर की बाहेरचा मेकॅनिक? भाग अस्सलच हवेत का?

सॉफ्टवेअर, विजेची दारं, एअरबॅग आणि कंपनीने परत बोलावून मोफत केलेली दुरुस्ती यांसाठी सर्व्हिस सेंटर. चॅसी नंबर देऊन अशी एखादी दुरुस्ती बाकी आहे का ते जरूर विचारा, वापरलेल्या गाडीलाही ती सहसा मिळते. ऑइल, ब्रेक, सस्पेन्शन यांसाठी तुमचं म्हणणं ऐकून घेणारा, जुना भाग काढून हातात ठेवणारा चांगला मेकॅनिक मला पुरतो.

टायमिंग बेल्टचा संच, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, गिअरबॉक्सचं ऑइल आणि सेन्सर अस्सल किंवा मूळ पुरवठादाराचेच घ्या. फिल्टर, वायपर, पॅड चांगल्या नावाचे बाहेरचे चालतात.

गॅरेजवाले इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग असं बरंच काही सुचवतात. करायचं?

पुस्तिकेत नसेल आणि गाडीला तक्रार नसेल तर नाही. ‘कोणत्या लक्षणासाठी?’ एवढंच विचारा. चांगला मेकॅनिक लक्षण सांगतो, आणि दाखवतोही.

घरी काय करता येईल?

एअर फिल्टर, केबिन फिल्टर, वायपर, दारांच्या पट्ट्या, बॅटरीची टोकं साफ करणं, सगळ्या पातळ्या बघणं. ऑइल बदलायचं असेल तर गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका. भक्कम स्टँड लावा, हँडब्रेक ओढा, चाकाला अडसर द्या.

नोंद कशी ठेवू?

डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही. प्रत्येक ओळीत तारीख, मीटर, काम, भागाचं नाव आणि नंबर, ऑइलची ग्रेड आणि लिटर, मजुरी वेगळी, भाग वेगळे, आणि पुढचं काम कधी. शेवटच्या पानावर मेकॅनिकने तोंडी सांगितलेलं लिहा: ‘उजवीकडचा बुश थोडा सैल, सहा महिन्यांनी बघा.’ पावत्यांचे फोटो काढून ठेवा, कागदावरची शाई उडते. गाडी विकताना ही वही घेणाऱ्याच्या हातात द्या, म्हणजे त्याला या पानावरचा पहिला प्रश्न विचारावा लागणार नाही.